दुभाषी

विगोहून फॉर्म आलाय. पंचवीस प्रश्न.
साहेबाला स्वतःचं मन कळतं का,
हाताखालच्यांचं कळतं का,
परमुलखात तो माणसं कशी सांभाळतो.
एक ते पाच, गोल करा.
बायकांना मराठीत विचारून मी भरायचाय.
मी, म्हणजे या शेडमधली सगळ्यात लबाड जीभ.

इथे मिरजोळ्यात माकूल साफ होतं.
पहाटे मिरकरवाड्यातून टेम्पो सुटतो:
चाळीस बायका, चाळीस डबे, आणि कडेला मी,
बी. ए. इंग्रजी, रोजाला त्यांच्याहून साठ रुपये जास्त.
साहेबाचं नाव इन्याकी. नाक असं
की पहिल्या दुपारपर्यंत त्याचा नाकेसाहेब झाला.

तो ओरडायचा. इंग्रजी त्याचंही उसनंच,
शिव्या तेवढ्या घरच्या.
मी सांगायचे, 'जरा हात उचला म्हणतायत.'
जुबेदा होडेकर बर्फातले हात न काढता
त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची.
मी सांगायचे, 'होय म्हणतायत, साहेब.'
असा दीड वर्ष कारखाना चालला.
तिकडून त्याला बक्षीस आलं, स्थानिकांशी उत्तम सलोख्याचं.
काचेचा मासा आहे. टेबलावर असतो.
पुसते मीच.

एप्रिलात एकदा लाइट गेलेली, डोक्यावर बारा,
आणि साहेब म्हणाला, कंटेनर भरा.
जुबेदा म्हणाली, 'आत्ता दार उघडलं तर माल गेला गो.
सांग त्येला, सांजचं भरू.'
त्याच्या मानेवरची शीर मी पाहिली.
म्हटलं, 'उकडतंय म्हणतायत.'
'मग पाणी प्या,' तो म्हणाला.
आणि दार उघडलं.

नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात कंटेनर परत आला.
वास आधी आला, कागद मागून.
साहेबाने सगळ्यांना अंगणात बोलावलं,
टोपी काढली. केस किती विरळ झालेत, तेव्हा दिसलं.
मला म्हणाला, सांग, चूक माझी आहे. त्यांची नाही.
कुणाचा रोज कापणार नाही.

मी सांगितलं. शब्दाला शब्द.
दीड वर्षात पहिल्यांदा काही न घालता, काही न काढता.

कुणी हललं नाही.
'गोड नको करू,' वत्सला मयेकर म्हणाली,
'खरं काय बोल्ला तां सांग. कितीजणींना काढतंय?'

साहेबाने त्यांचे चेहरे पाहिले,
मग माझा. बराच वेळ माझा.

दुसऱ्या सकाळी तो शेडमध्ये एकटाच आला.
टेम्पोवाल्या रज्जबला विचारलं असणार;
तळहातावर निळ्या पेनाने काहीतरी लिहिलेलं,
ते वाचलं, मोठ्याने, परीक्षेतल्या पोरासारखं:
'चूक. माझा.'

नळाचं पाणी तेवढं वाजत होतं.
जुबेदाने बर्फातून हात काढला. सुरकुतलेला, पांढरा.
'माझा नाय. माझी.'
तो गडबडला. छातीवर हात ठेवून म्हणाला,
'नाय, नाय. तुझा नाय. माझा!'
'अरे बाबा, माझी!'
'माझा!'
हसून हसून वत्सलाच्या हातातली सुरी पडली.
तो म्हणे माझा, ती म्हणे माझी,
आणि जिची होती ती मधे उभी होती,
वजनाची वही छातीशी धरून.
दोघांपैकी कुणीही तिला विचारलं नाही
काय म्हणतायत म्हणून.

प्रश्न एकोणिसावा: चूक झाल्यास स्वतःहून कबूल करतो.
पाचाला गोल केला.
जुबेदा म्हणाली, चारच दे, शेफारंल.
खोडून चार केले.

तळाशी एक ओळ आहे: माहिती भरणाऱ्याची सही.
पेन टेकवून ठेवलंय केव्हाचं,
शाईचा ठिपका फुटतोय कागदावर,
माकलाचा फुटावा तसा.
बाहेर रज्जब हॉर्न देतोय.
बायका बसल्या सगळ्या.